दोन हंगामांच्या मधला पैसा

गेल्या खरिपात, ऑगस्टच्या अखेरीस, आदिलाबाद जिल्ह्यातील एका गावी आमच्या प्रात्यक्षिकाच्या शेतात गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी आठांहून अधिक पतंग सापडले. पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ आणि दुसऱ्या काठावर हे गाव. शेताचा दाखला तेलुगूत मिळतो, बोलणे मात्र घरीदारी मराठीत चालते. फुले उघडून पाहिली, काही डोमकळ्याही दिसल्या. नुकसानीची आर्थिक पातळी ओलांडली गेल्याचे स्पष्ट होते. मी सल्ला लिहून दिला आणि परतले. नऊ दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा फवारणी झालेली नव्हती.

शेतकरी आळशी नव्हता, अडाणीही नव्हता. सापळ्यांची नोंदवही त्याने स्वतः व्यवस्थित ठेवली होती. कारण विचारले तेव्हा तो जरा ओशाळून म्हणाला, “मॅडम, पैसे हायेत, पन सोसायटीत अडकले हायेत.” जानेवारीत कापूस विकून आलेल्या रकमेतले दोन लाख रुपये त्याने जवळच्या बाजारपेठेतील एका पतसंस्थेत तेरा महिन्यांच्या ठेवीत ठेवले होते. व्याज बारा टक्के. मुदतीआधी रक्कम देता येणार नाही, असे संस्थेने सांगितले. पैसे बुडाले नव्हते, संस्थाही चालू होती. फक्त ज्या आठवड्यात पैसे हवे होते त्या आठवड्यात ते त्याचे नव्हते.

पुढे जे व्हायचे तेच झाले. दहाव्या दिवशी त्याने कृषी सेवा केंद्रातून औषध उधारीवर आणले. मी लिहून दिलेले औषध नव्हे, तर दुकानात जे होते आणि ज्यावर दुकानदाराला उधारी परवडत होती ते. एकाऐवजी तीन, तिन्ही एकाच टाकीत मिसळण्याच्या सूचनेसह. त्यांतील एक सिंथेटिक पायरेथ्रॉइड होते. त्याच्या अवेळी वापराने पांढरी माशी उफाळते, हे या पानांतून आम्ही अनेकदा लिहिले आहे. उधारीचा दर महिना शेकडा दोन.

कीटकशास्त्रज्ञाने बचतीविषयी लिहावे का, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर वरच्या प्रसंगात आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियातील स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली. कीड दिसली म्हणून फवारू नये. ती ज्या संख्येला पोहोचली असता उपायाचा खर्च वाचणाऱ्या उत्पन्नातून भरून निघेल, त्या संख्येच्या सुमारास फवारावे, असा तिचा गाभा. एकात्मिक कीड व्यवस्थापनाची सारी इमारत त्यावर उभी आहे. परंतु त्या कल्पनेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे: पातळी ओलांडली त्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम असेल. ती नसेल तर पातळीला अर्थ उरत नाही. उधारीवरचे औषध शेतकरी निवडत नाही, दुकानदार निवडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना जी विषबाधा झाली आणि माणसे दगावली, तिच्या चर्चेत मिश्रणांचा, संरक्षक कपड्यांचा, पंपांचा उल्लेख पुष्कळ झाला. ती मिश्रणे बांधावर कोणत्या पैशाने पोहोचतात, याचा झाला नाही.

म्हणून माझे मत असे आहे की पुढच्या हंगामासाठी राखलेला पैसा ही शेतीची निविष्ठाच आहे. बियाणे आपण जसे उगवणक्षमता पाहून ठेवतो तसाच हा पैसा ‘वेळेवर हाती येईल का’ हे पाहून ठेवला पाहिजे. व्याज हा त्यानंतरचा प्रश्न.

व्याजाचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहू. कापूसवाल्याचा पैसा साधारण जानेवारीत येतो आणि जूनमध्ये लागतो, म्हणजे पाच महिने. दोन लाख रुपये मोठ्या बँकेच्या बचत खात्यात अडीच टक्क्यांनी राहिले तर पाच महिन्यांत सुमारे २,०८३ रुपये मिळतात. तेच पाच महिन्यांच्या मुदत ठेवीत पाच टक्क्यांनी ठेवले तर ४,१६७. पतसंस्थेच्या बारा टक्क्यांनी १०,०००. बचत खात्यातून मुदत ठेवीत जाण्याने दोन हजारांची भर पडते आणि जोखीम वाढत नाही. हा फायदा सोडू नये. पण बँकेतून पतसंस्थेत जाण्याने मिळतात ५,८३३ रुपये, आणि पणाला लागतात दोन लाख. अशा चौतीस ठेवींपैकी एकच बुडाली तरी बाकी तेहतिसांनी मिळवलेले सारे जादा व्याज तिच्यात जाते. आपल्या परिसरात गेल्या वीस वर्षांत किती संस्था बंद पडल्या, हे प्रत्येकाने बोटांवर मोजून पाहावे. आणि ज्याची एकमेव ठेव बुडाली त्याला सरासरीचा काय उपयोग?

अल्प मुदतीच्या पैशाची गंमत अशी की काळच इतका थोडा असतो की जादा व्याजाचा आकडा कधी मोठा होऊच शकत नाही. दहा वर्षांच्या गुंतवणुकीत एक टक्क्याने फरक पडतो, पाच महिन्यांत दोन लाखांवर एक टक्का म्हणजे ८३३ रुपये. एका फवारणीची मजुरी.

आता ठेवावे कुठे? या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते: आधी पीक कर्ज फेडावे. किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज सात टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडल्यास आणखी तीन टक्क्यांची सवलत मिळून ते प्रत्यक्षात चार टक्क्यांना पडते. काही राज्यांत, महाराष्ट्रातही, राज्य सरकारच्या भरपाईमुळे हे व्याज शून्यावर येते. फेडीची तारीख हुकली की तीन टक्के गेले. तीन लाखांवर वर्षाला नऊ हजार रुपये. पतसंस्थेत बारा टक्क्यांची ठेव आणि बँकेत थकीत पीक कर्ज अशी दोन्ही कागदपत्रे एकाच पिशवीत बाळगणारे शेतकरी मी पाहिले आहेत. कर्जमाफीच्या आशेने फेड लांबवणारेही पाहिले आहेत. त्या राजकारणात मी शिरत नाही. एवढेच म्हणते की थकबाकीदाराला जूनमध्ये नवे कर्ज मिळत नाही आणि मग पुन्हा दुकानदाराचीच उधारी नशिबी येते.

मात्र इथे एक इशारा द्यायला हवा. किसान क्रेडिट कार्डाचे खाते फिरते असते, म्हणजे मर्यादेत राहून रक्कम भरता येते आणि पुन्हा काढता येते. असे खाते व्यापारी बँकेत असेल आणि त्याचा वार्षिक आढावा वेळेवर होत असेल, तर त्यात पैसा भरून ठेवणे उत्तमच. परंतु जिथे गावच्या प्राथमिक सोसायटीमार्फत कर्ज येते तिथे भरणा मार्चमध्ये होतो आणि नवे वाटप व्हायला कधीकधी जुलै उजाडतो. ज्याने हातातला प्रत्येक रुपया भरून टाकला तो मृगाच्या पावसात बियाण्यासाठी रिकाम्या हाताने उभा राहतो. म्हणून कर्ज फेडावे, पण बियाणे आणि पहिल्या खताच्या हप्त्याएवढी रक्कम त्याच्या हिशोबाबाहेर ठेवूनच.

कर्ज फिटल्यावर उरते ती खरी बचत. तिच्यासाठी साधी बँक पुरेशी आहे, फक्त ती ‘बँक’ असली पाहिजे. ठेव विमा आणि पत हमी महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण देते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जाते आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. राष्ट्रीयीकृत, खासगी आणि ग्रामीण बँका, लघु वित्त बँका, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका या संरक्षणात येतात. पतसंस्था येत नाहीत. गावची विविध कार्यकारी सोसायटीही येत नाही. अनेक राज्यांत कारभार असलेली बहुराज्य पतसंस्थाही येत नाही, तिची काचेची इमारत कितीही चकचकीत असो. पाटीवर ‘सहकारी’ शब्द असला की सरकार पाठीशी आहे, असा समज खेड्यांत खोलवर रुजलेला आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी एवढा एक गैरसमज दूर केला तरी पुष्कळ झाले. विचारण्याचा प्रश्न सोपा आहे: या संस्थेकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का, आणि ठेवींवर पाच लाखांचा विमा आहे का? विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

विमा असला म्हणजे सारे झाले, असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, २०२१ मध्ये कायदा बदलला आणि आता बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद आहे. नोकरदाराच्या दृष्टीने नव्वद दिवस त्रासाचे, पण निभावण्यासारखे असतात. शेतकऱ्याच्या कॅलेंडरात मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यापासून नव्वद दिवस मोजले की सप्टेंबर येतो. पेरणी, खुरपणी, खत, पहिल्या दोन फवारण्या, सगळे मागे पडलेले असते. विमा रक्कम राखतो, तारीख राखत नाही. म्हणून एका लाखाहून अधिक पैसा असेल तर तो दोन बँकांत विभागून ठेवावा असे मी सांगते, जरी पाच लाखांची मर्यादा दूर असली तरी.

मुदत ठेव करताना बहुतेक शेतकरी ‘एक वर्ष’ म्हणून मोकळे होतात, कारण फलकावर त्या मुदतीचा दर जास्त दिसतो. जूनमध्ये ती मोडली की वर्षाचा दर मिळत नाही. ठेव जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर लागतो, आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का कापला जातो. ठेव सात दिवसांपासून पुढे कितीही दिवसांची करता येते, हे कित्येकांना ठाऊक नसते. तेव्हा दिवस मोजून ठेव करावी. आणि दोन लाखांची एक ठेव करण्याऐवजी पन्नास हजारांच्या चार कराव्यात. अडचण आली तर एक मोडते, तीन शाबूत राहतात. काही बँकांत बचत खात्यातील ठरावीक रकमेवरचा पैसा आपोआप ठेवीत जातो आणि लागेल तेव्हा परत येतो. ही सोय मागून घ्यावी लागते, कर्मचारी आपणहून क्वचितच सांगतात.

पोस्टाचे म्हणाल तर सुरक्षिततेत त्याला तोड नाही. तिथे पाच लाखांची मर्यादाही नाही, कारण पैसा थेट केंद्र सरकारकडे जातो. बचत खात्यावर सध्या चार टक्के व्याज आहे, मोठ्या बँकांपेक्षा अधिक. दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. पोस्टात महिन्याचे व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, म्हणून पैसे दहा तारखेच्या आत भरावेत आणि काढायचे असल्यास शक्यतो पुढच्या महिन्याच्या आरंभी काढावेत. दुसरे म्हणजे पोस्टाची मुदत ठेव सहा महिन्यांच्या आत मोडताच येत नाही. जानेवारीत केलेली ठेव जूनमध्ये हाती येणार नाही. नोव्हेंबरात सोयाबीन विकणाऱ्याला ती जमेल, फेब्रुवारीत कापूस विकणाऱ्याला नाही. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र किंवा किसान विकास पत्र या चांगल्या योजना आहेत, पण त्या वर्षानुवर्षांसाठी. नावात ‘किसान’ असले तरी पेरणीच्या पैशासाठी नव्हेत.

शिकलेले तरुण शेतकरी मला लिक्विड फंड आणि ट्रेझरी बिलांविषयी विचारतात. केंद्र सरकारची ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची बिले नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणसाला दहा हजार रुपयांपासून घेता येतात. परतफेडीची हमी सरकारची, पण मध्येच विकायला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंतच्या रोख्यांत पैसा गुंतवतात आणि पैसे एक-दोन दिवसांत परत मिळतात. तिथे विमा नाही. २०१८ साली आयएल अँड एफएस समूह कोलमडला तेव्हा काही लिक्विड फंडांनाही झळ पोहोचली होती. ज्यांना हे व्यवहार मोबाइलवर स्वतः समजून करता येतात त्यांनी थोडी रक्कम तिथे ठेवायला हरकत नाही. गावच्या सभेत मी त्यांची शिफारस करत नाही.

आता माझ्या विषयाशी थेट भिडणारी बचत. आपल्याकडे लाखो शेतकरी पैसा पैशाच्या रूपात ठेवतच नाहीत, मालाच्या रूपात ठेवतात. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्याची आठवण ताजी असल्याने पुढच्या हंगामात असंख्य घरांत कापूस माळ्यावर, पडवीत, झोपायच्या खोलीतही राखला गेला. भाव सात हजारांच्या आसपास उतरले आणि मे-जूनमध्ये पेरणीसाठी तोच कापूस पडेल त्या दराने काढावा लागला. मधल्या काळात अंगाला खाज, उंदीर, आगीची भीती, वजनातली घट. हे नुकसान त्या घरापुरते. पण गुलाबी बोंडअळीची शेवटच्या अवस्थेतली अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत सुप्तावस्थेत राहते. घरात साठवलेल्या कापसातून आणि जिनिंगच्या आवारातून उन्हाळा संपता संपता पतंग बाहेर पडतात आणि नव्या पऱ्हाटीला पाते लागण्याची वाट पाहतात. म्हणजे एका घरातली ही बचत शेजाऱ्याच्या शेतात कीड होऊन उतरते. जोखमीची ही तऱ्हा अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा नसते.

तूर आणि हरभऱ्याचेही तसेच. कडधान्यावरील भुंगेरा शेतातच शेंगांवर अंडी घालतो, पोत्यातून घरात येतो आणि साधारण महिन्याला एक पिढी पूर्ण करतो. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. फेब्रुवारीत निरोगी दिसणारी तूर जूनमध्ये छिद्रांची चाळण झालेली असते आणि व्यापारी ती मुठीत घेऊन नुसता हसतो. माल राखायचाच असेल तर दाण्यातील ओलावा नऊ-दहा टक्क्यांखाली आणून हवाबंद पिशव्यांत राखावा. नाहीतर नोंदणीकृत गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक वखार पावती घ्यावी आणि तिच्या तारणावर कर्ज उचलावे. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना अशा पावतीवर काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत पीक कर्जाच्याच सवलतीच्या दराने कर्ज मिळण्याची तरतूद आहे. तिचा वापर फार थोडे करतात. इतके करूनही मला वाटते ते असे की भावावर पैज लावायचीच असेल तर ती मुलीच्या लग्नाच्या किंवा ट्रॅक्टरच्या पैशावरही लावू नये, आणि जूनच्या बियाण्यावर तर मुळीच नाही.

अडत्याकडे किंवा व्यापाऱ्याकडे रक्कम ‘जमा राहू देणे’ ही आणखी एक जुनी रीत. वही त्याची, व्याजाचा शब्द त्याचा, पावती बहुधा नाहीच. त्यात परस्पर विश्वास असतो, अडीअडचणीला मदतही होते, हे मी नाकारत नाही. पण तो व्यापारी बुडाला की शेतकऱ्याचा क्रमांक बँकेच्या आणि मोठ्या देणेकऱ्यांच्या मागे लागतो. सोन्याविषयी थोडक्यात: ते तारण ठेवून तासाभरात कर्ज मिळते हा त्याचा खरा गुण, पण दागिन्याची घडणावळ आणि घट पाहता पाच महिन्यांसाठी ते घेणे तोट्याचे. भिशी आणि चिठ्ठी यांत ओळखीपलीकडे तारण नसते. मोबाइलवर ‘महिन्याला दहा टक्के’ देणाऱ्या ॲपविषयी लिहिण्यात जागा घालवत नाही.

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. बँकेच्या अडीच किंवा पाच टक्क्यांत महागाईही भरून निघत नाही. मग गरिबाने कमी व्याज घेऊन सुरक्षित राहावे हा उपदेश पगारदारांनीच का करावा? मी पगारदार आहे, तेव्हा हा टोला मला लागू पडतो. तरी उत्तर देते. शेतकरी आधीच पावसाची, भावाची आणि किडीची जोखीम घेतो. या तिन्ही जोखमी त्याच्या एकाच रकमेवर बसतात. पाऊस फसला तर दुबार पेरणीला तोच पैसा, भाव पडला तर घर चालवायला तोच पैसा. त्यावर चौथी जोखीम चढवण्यासाठी पाच-सहा हजार रुपयांचा मोबदला फार तोकडा आहे. महागाईला तोंड देणारी गुंतवणूक वेगळ्या, दीर्घ मुदतीच्या पैशातून व्हावी. ती कुठे करावी हा निराळा लेख होईल आणि तो लिहिण्याचा अधिकार माझा नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पतसंस्था केवळ व्याजामुळे चालत नाहीत. तिचा माणूस रोज दारात येऊन पिग्मीचे पन्नास रुपये नेतो, नावाने हाक मारतो, आपल्या भाषेत बोलतो. बँकेची शाखा अठरा किलोमीटरवर, पासबुक छापण्याचे यंत्र बंद, अर्ज इंग्रजी-तेलुगूत, आणि काउंटरवरचा तरुण ‘उद्या या’ म्हणणारा. परराज्यातील मराठी शेतकऱ्याचा हा अनुभव मी त्याच्यासोबत रांगेत उभी राहून घेतला आहे. पन्नास हजारांच्या चार ठेवी करायच्या आहेत, हे समजावून सांगायला आम्हाला दोन खेपा लागल्या. प्रामाणिक पतसंस्थाही आहेत, आणि त्यांच्यात रोजची किरकोळ बचत करणाऱ्याला मी दोष देणार नाही. माझे म्हणणे पेरणीच्या रकमेपुरते आहे. तिला पिग्मीच्या ओळखीवर सोडू नये.

आपल्या यंत्रणेकडूनही काही अपेक्षा आहेत. विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या दिनदर्शिकांत नांगरणीपासून पऱ्हाटी उपटण्यापर्यंत प्रत्येक कामाचा आठवडा दिलेला असतो. पैशाची ओळ एकही नसते. वित्तीय साक्षरतेचे मेळावे होतात, पण ते जनधन खाते आणि विम्याचे अर्ज यांवर संपतात आणि बहुतेकदा अशा महिन्यात होतात जेव्हा शेतकऱ्याच्या खिशात काहीच नसते. कृषी विज्ञान केंद्रांनी हा विषय जानेवारीच्या शेतकरी मेळाव्यात, मालाचे पैसे खात्यावर येत असताना, कीड व्यवस्थापनाच्या सत्राला जोडून घ्यावा. फरदड घेऊ नका असे आपण ज्या सभेत सांगतो त्याच सभेत ‘जूनचे पैसे कुठे आहेत’ हेही विचारावे. शेतकऱ्याकडून एक कागद लिहून घ्यावा: बियाणे कोणत्या तारखेला, खत कोणत्या, निंदणी, फवारणी, आणि प्रत्येकासमोर रक्कम. ठेवींच्या मुदती त्या कागदावरून ठरतात, बँकेच्या फलकावरून नव्हे.

आदिलाबादच्या त्या शेतकऱ्याची पतसंस्थेतील ठेव या फेब्रुवारीत मुदत संपून व्याजासह परत मिळाली, हे नमूद करणे न्यायाचे आहे. त्याला तिच्यावर २६,००० रुपये व्याज मिळाले. उधारीचे व्याज, वाया गेलेली दोन औषधे आणि किडक्या कापसाला मिळालेला कमी भाव यांचा हिशोब आम्ही दोघांनी मांडला तेव्हा त्यातले फारसे काही उरत नव्हते. आता त्याच्या चार ठेवी दोन बँकांत आहेत: एक मे अखेरीला संपते, एक जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एक ऑगस्टच्या मध्यावर. चौथी मी सप्टेंबरची सुचवली होती. त्याच्या पत्नीने मध्येच थांबवून विचारले, “आनि वेचनीच्या बायांले दिवाळीच्या आधी कुठून द्यायचे, मॅडम?” वेचणीची मजुरी माझ्या कागदावर नव्हतीच. चौथी ठेव आम्ही ऑक्टोबरची केली.